पुसलेलं रान

“आधी खालचा थर नीट, मग वरचा. घाई केली की वाटोळं!” आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई हे इतक्यांदा म्हणत, की डब्यातल्या पोळीवर भाजी घेतानाही आम्ही एकमेकांना तेच ऐकवायचो.

बाई उमेळे गावच्या, केळीची वाडी असलेल्या घरातल्या. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर त्या कार्बनच्या नळ्या वाढवत. केसाहूनही कितीतरी बारीक! खाली ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लोखंडाचा त्याहून पातळ, मग भट्टीत कार्बनचा वायू. लोखंड जरा जास्त पडलं की नळ्या जाड आणि विरळ. बेताचं पडलं की सरळ, दाट रान. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हॅ, ही तर काजळी!

खूप दिवस बिनसल्यावर एकदाचं मनासारखं रान उगवलं. ती एकच चकती मोजणीला पाठवायची होती. त्याआधी बाईंनी वडिलांना मुद्दाम बोलावलं. म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून, वाडीतली केळी घेऊन आला.

“बाबा, ही बघा माझी वाडी,” म्हणत बाईंनी चकतीची डबी उघडून पुढे ठेवली आणि आमची ओळख करून द्यायला वळल्या.

“काजळी बसलीय गं बाय,” म्हणत म्हाताऱ्याने रुमाल काढला आणि चकती लख्ख पुसली. वर कौतुकाने हसला.

“काही कळतं का तुम्हाला? कशाला आलात इथे?” बाई ओरडल्या.

आम्ही सगळे जमिनीकडे बघू लागलो. म्हाताऱ्याने रुमालाची घडी घातली, केळी टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

संध्याकाळपर्यंत बाईंनी पाण्याचा घोट घेतला नाही. “नळ्यांचं जाऊ दे रे,” त्या मला म्हणाल्या, “चारचौघांत बापाला बोलले मी. शाळेच्या पहिल्या दिवशी माझा बाक त्यांनी असाच रुमालाने पुसला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.”

नळ्या पुसल्या तरी लोखंड खालच्या थराला धरून राहतं. बाईंनी तीच चकती पुन्हा भट्टीत घातली. रान परत आलं, थोडं बुटकं. मोजणीचं राहू दे म्हणाल्या आणि मला घेऊन थेट उमेळ्याला गेल्या.

म्हातारा अंगणात उभा होता. “बाबा, चुकलं माझं,” बाईंनी डबी उघडली. “हे बघा, परत उगवलं. हात लावून बघा ना.”

म्हाताऱ्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“छान आहे बाय,” तो म्हणाला. “मी इथूनच बघतो.”