वहिनींचा आवाज

बुलढाण्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं मदत केंद्र होतं. शेतीपंप बनवणाऱ्या एका कंपनीचं. मोटर सुरू होत नाही, पाणी चढत नाही, स्टार्टर जळाला, असे फोन आम्ही बायका दिवसभर घ्यायचो. सगळ्या ज्यांना वहिनी म्हणायच्या, त्या आमच्यात सगळ्यांत मोठ्या. नवरा गेल्यावर त्या या कामाला लागल्या, आणि देऊळघाटहून रोज बसनं यायच्या. कितीतरी शेतकरी फोन लागला की आधी विचारायचे, "त्या बाई हायेत का? त्याह्यलेच द्या." वहिनी फोन घ्यायच्या आणि म्हणायच्या, "थांबा भाऊ, घाबरू नका. आता सांगा मले." आणि मग बारीकसं हसायच्या. समोरचा माणूस तिथंच निम्मा शांत व्हायचा.

मागच्या वर्षी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून दोघं जण आले. त्यांनी वहिनींना मागच्या खोलीत बसवून बरेच दिवस रेकॉर्डिंग केलं. नव्या मुलींच्या ट्रेनिंगसाठी लागतं, असं सांगितलं. वहिनी बाहेर आल्या की आम्हाला हसवायच्या. "एकच वाक्य हसून म्हणा म्हणते, मग हळू म्हणा म्हणते. मी का नाटकात हाये का वं?" पण त्या दिवसांत त्या कपाटातली चांगली साडी नेसून यायच्या.

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांचा फोन आला. सिंगापूरला ग्राहकसेवेची आंतरराष्ट्रीय परिषद होती आणि केंद्रातर्फे मी यायचं होतं. माझं इंग्रजी बरं म्हणून मी. आमच्या घरात पासपोर्ट काढणारी मी पहिलीच. नांदुऱ्याच्या स्टेशनवर गाडीत बसवायला आई-बाबा आले, तशा वहिनीही आल्या. तिखट पुऱ्यांचा डबा हातात देत म्हणाल्या, "पोचली की फोन करजो. आन् तिथं कोणाले घाबरू नको."

परिषदेचा हॉल इतका मोठा होता की शेवटच्या रांगेतून स्टेजवरचा माणूस बोटाएवढा दिसे. देशोदेशीचे लोक गळ्यात नावाचं कार्ड अडकवून फिरत होते. मी पहिला दिवस नुसती ऐकत राहिले. बिचकत का होईना, चहाच्या वेळी एका फिलिपिन्सच्या बाईशी बोललेही. तीही फोनच घ्यायची. तिलाही माणसं शिव्या द्यायची, आणि जेवताना तिच्याही कानात घंटी वाजायची. आम्ही दोघी खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं भाषण होतं. मध्येच त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. "तू शेतकरी आहेस असं समज. तुझ्या बोलीत तक्रार सांग." समोर फक्त माइक होता. मी म्हणाले, "मोटर नुसती गुरगुर करून राह्यली. पाणीच येत नाही."

स्पीकरमधून उत्तर आलं. "थांबा ताई, घाबरू नका. आधी मोटर बंद करा, नाहीतर जळून जाईन. आता सांगा मले, तिन्ही फेज येऊन राह्यले का?"

आणि मग ते बारीकसं हसू.

माझ्या तोंडून "वहिनी" निघता निघता राहिलं. मला वाटलं, साहेबांनी त्यांना बुलढाण्याहून फोनवर घेतलं असेल. पण साहेब लोकांना सांगत होते, ही मशीन आहे, ती झोपत नाही, सुट्टी घेत नाही, एका वेळी हजारो फोन घेते. एक शब्दही न कळता सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी माइकसमोर तशीच उभी होते. खाली जायचं असतं हेही मला सुचेना.

नंतर मी साहेबांना गाठलं. "वहिनींना माहीत आहे?"

"खूश होतील त्या," साहेब म्हणाले. "अमर झाल्या. रेकॉर्डिंगच्या कागदावर सही आहे त्यांची."

"आणि आम्ही?"

"तुला पुण्यात घेऊ. बाकीच्यांचं बघू. पण सध्या कुठं बोलू नकोस."

मी परत आले ती घरी बॅग टाकून थेट देऊळघाटला गेले. वहिनी ओसरीवर तूर पाखडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांचं सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच त्यांनी विचारलं, "चांगली बोलते का?"

"हाव."

"माह्यासारखी?"

मी ओढणीनं डोळे पुसले. त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू काऊन रडून राह्यली? तू थोडीच केलं."

दिवाळीनंतर केंद्र बंद झालं. शेवटच्या दिवशी आम्ही हेडफोन एका खोक्यात भरून दिले. मी पुण्याला गेले नाही. खामगावात एका शाळेत इंग्रजी शिकवते. वहिनी आता घरी शिवणकाम करतात.

संक्रांतीला त्यांच्याकडे गेले होते. तिळगूळ हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "म्या लावला आपल्या केंद्राच्या नंबरावर फोन."

"मग?"

"ताई, घाबरू नका म्हणे. म्या म्हटलं, बाई, तू कोण हाये? तर हसली." वहिनींनी तिळगुळाच्या डब्याला झाकण लावलं. "आमचे हे म्हणत, तू हसली का मले बरं वाटते. ते हसू थे बाई तिथं कोणालेबी देऊन राह्यली."

तेव्हापासून वहिनी फोनवर बोलत नाहीत. मी लावला तर वाजून वाजून बंद होतो. मग थोड्या वेळानं मेसेज येतो, एकेक अक्षर शोधून टाइप केलेला: "कामात हाये. तू बरी हाय ना. इकडं आली का घरी ये."