चार डोळ्यांची काडी

सांतियागोत काढलेल्या माझ्या सगळ्या फोटोंत आबांचा उजवा हात खांद्यावरच्या पिशवीवर आहे. मोठ्या चौकात, चर्चच्या पायरीवर, मासळीबाजारात. बरोबरच्यांना वाटायचं, म्हातारा चोरांना भितो.

आम्ही वरकुट्याचे द्राक्षवाले. आमच्या भागातले दहा-बारा बागायतदार मिळून चिलीला गेलो होतो. आबा माझे चुलते, वय सत्तर. मला छाटणी त्यांनीच शिकवली, म्हणून मी हट्टानं त्यांना बरोबर नेलं होतं.

पहिले दोन दिवस शहराबाहेरच्या बागा पाहण्यात गेले. पाठीमागं बर्फाचे डोंगर आणि समोर वेलींच्या ओळीच ओळी. एका मालकानं त्याचा नवा वाण दाखवला. दुभाषी मुलीनं बजावलं, याचे हक्क राखीव आहेत, फोटोसुद्धा काढू नका. मग मालकानं आबांचे हात पाहिले, स्वतःची कात्री त्यांना दिली आणि म्हणाला, तुम्ही कशी छाटता ते दाखवा. आबांनी कोंब फुटायचे डोळे मोजून त्या वाणाच्या दोन काड्या छाटल्या. मालकानं त्यांची पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी शहर पाहायला निघालो. चौकातल्या कारंज्यापाशी सगळे फोटो काढत होते आणि आबा पाठमोरे उभे राहून पिशवीत बाटलीतलं पाणी शिंपडत होते. मी जवळ गेलो. ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी, वर प्लास्टिक. छाटलेली काडी जगवायला अशीच ओली गुंडाळून ठेवतात.

तिथल्या टेकडीवर जायला तारेवरचे पाळणे आहेत. एका पाळण्यात आम्ही दोघंच बसलो. खाली सगळं शहर पसरलेलं होतं. मी विचारलं, "आबा, पिशवीत काय आहे?"

"काडी हाय. चार डोळ्याची. एकच."

"त्यानं विश्वासानं कात्री दिली होती तुमच्या हातात."

"त्याच्या बागंत लाखानं काड्या हायेत."

"विमानतळावर सापडलो तर? सगळ्या गटाचं नाव जाईल."

"तू गप बस. डोळं फुटलं की मग बोल."

ते शहराकडं बघत राहिले. दुभाषी मुलगी काय काय दाखवत होती, मला काही दिसत नव्हतं.

निघायच्या सकाळी आबा आंघोळीला गेले तेव्हा मी गुंडाळी सोडली. काडी मोडून खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. हाताला वजन लागावं म्हणून हॉटेलच्या दोन पेन्सिली कागदात गुंडाळल्या आणि प्लास्टिक होतं तसं बांधलं. न्हाणीतलं पाणी बंद झालं तेव्हा मी पिशवी जागेवर ठेवत होतो.

विमानात आबा जेवले नाहीत. मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिले. मुंबईला तपासणीच्या रांगेत त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, आत्ताच कानात सांगावं. पण आमच्या गटातले लोक मागंपुढं उभे होते.

अधिकाऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "बिया, रोपं, काही आणलंय का?"

मी "नाही" म्हणायच्या आत आबा म्हणाले, "हाय, साहेब." त्यांनी गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. "द्राक्षाची काडी हाय. न विचारता आणली. घ्या ही."

अधिकाऱ्यानं कागद उलगडला. दोन पेन्सिली. त्यानं आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हसून म्हणाला, "जावा बाबा, दमलाय तुमी."

आबा हसले नाहीत. पेन्सिली तिथंच ठेवून चालायला लागले.

गावाकडं जाताना भिगवण मागं पडलं. मग आबा गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला सांगायचं हुतंस."

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतं ऐकलं. पण काढून घेतल्यावर तरी सांगायचं. सबंद विमानात माझ्या डोळ्यापुढं त्या कात्री देणाऱ्या माणसाचं तोंड हुतं."

इंदापूरला उतरून ते वेगळ्या रिक्षानं घरी गेले.

त्या साली ऑक्टोबर छाटणीला ते माझ्या बागेत आले नाहीत, आणि बोलवायला जायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या साली एका सकाळी आपणहून आले. मी छाटलेली एक काडी हातात धरून म्हणाले, "लई आखूड घेतोयस," आणि कात्री मागून घेतली. पारावर ते त्या पाळण्याची, खाली पसरलेल्या शहराची गोष्ट रंगवून सांगतात. मी तिथं असलो तर मात्र सांगत नाहीत.