देव्हाऱ्यातली बारोलो
मुलानं मागवलेल्या चाकूंच्या सेटमध्ये आज बूच काढायचा स्क्रू निघाला आणि मी तो पटकन पदराखाली लपवला. सासऱ्यांच्या फाउंड्रीत मशीन बसवायला आलेला इटालियन इंजिनिअर एकदा दुपारी आमच्याकडे जेवायला आला होता. येताना त्यानं बारोलो वाइनची बाटली आणली. त्याच्या गावच्या टेकड्यांवरची द्राक्षं, हे नाव दुसऱ्या कुठल्या वाइनला लावायची परवानगीच नाही, असं तो अभिमानानं सांगत होता. "काय म्हणत्यात पावणं?" माळकरी सासूबाईंनी मला विचारलं. "त्यांच्या गावची द्राक्षं…" एवढंच मी बोलले, तोवर घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूसारखं बाटलीला हळदकुंकू लागलं आणि ती विठोबाशेजारी बसलीसुद्धा. पाहुण्याचे डोळे भरून आले. "उद्या एकादशी हाय, सगळ्यास्नी घोटघोट देऊया की!" सासूबाई म्हणाल्या. खरं सांगितलं तर देव्हारा धुवायला निघणार, आणि ते पाहुण्याला काय म्हणून समजावणार? नशिबानं दुसऱ्या दिवशी बूच कुणालाच काढता आलं नाही. तेव्हापासून त्या रोज बाटलीला फूल वाहतात आणि मागं उभी राहून मीही हात जोडते. आता स्क्रू लपवायला मी जागा शोधतेय, तर मागून सासूबाईंचा आवाज आला, "गावलं व्हय गं बूच काढायचं? उद्या एकादशीच हाय."