बाजरीमागं कुणाचं?

गिरणीत बसलं की अंगावर पीठ बसतं आणि मनात किस्से. पीठ निदान घरी येऊन झटकता येतं. किस्से कुणापुढं झटकायचे? घरी मी एकटी. म्हणून म्हटलं, आज तुमच्यापुढं झटकावेत.

मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. सगळी नोकरी लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देण्यात गेली. मग रिटायर झाले, आमचे हे गेले, मुलगा संदीप पुण्याला. घरात टीव्ही बोलतो, पण त्याला उलट उत्तर दिलं तर तो काही ऐकून घेत नाही. अशात मला गुरुलिंग अप्पांची गिरणी सापडली. स्टँडच्या मागच्या गल्लीत, समोर सुमनचा भज्यांचा गाडा. लोक एकदम महिन्याचं दळून नेतात. मी एक-दोन दिवसांच्या भाकरीपुरती ज्वारी घेऊन जाते आणि संध्याकाळ काढून येते. कुणी विचारलंच तर सांगते, ताजं पीठ तब्येतीला बरं असतं.

*

गिरणीचा एक कायदा आहे. बाजरीच्या मागं आपलं धान्य टाकायला कुणी तयार नसतं. गिरणीत राहिलेली बाजरी पुढच्याच्या पिठात उतरते ना!

एकदा आमच्या गल्लीतल्या शकीलाभाभीची बाजरी चालू होती. मागं नंबर देशमाने सरांचा. सर शाळेतून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोळ्या स्वतः लाटतात. त्यांनी गव्हाचा डबा पोटाशी धरला. "मी नाही टाकणार. पोळ्या काळ्या होतात."

भाभी म्हणाली, "सर, बाजरी खाए तो ताकद आती."

"मला ताकद नको, पोळी पाहिजे."

दोघंही हटेनात. मागं रांग खोळंबली. शेवटी मीच पिशवी पुढं केली. "अप्पा, माझं टाका मधी. मला काय, एकटीलाच खायचीय."

सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून बाजरीमागं माझीच ज्वारी, हे ठरूनच गेलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट भाकरी थापताना पिठात हिरवट झाक दिसली की वाटतं, चला, आज भाभी आहे जेवायला.

*

अप्पा फारसं बोलत नाहीत. उभा जन्म पट्ट्याच्या घरघरीत गेला, त्यामुळं त्यांचं सगळं बोलणं हातानं. बोटं चोळली की बारीक दळायचं का, पंजा उघडला की जाड का. सवय इतकी लागली की फोनवरसुद्धा ते हातानंच बोलतात. पलीकडचा बिचारा हॅलो हॅलो करत बसतो.

मी जुनी ऑपरेटर, मला राहवेना. "अप्पा, फोनला डोळे नसतात."

अप्पा शांतपणे म्हणाले, "आता असतात की. व्हिडिओ कॉल."

तसं त्यांच्याबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक. कपाळाला विभूती, भुवया पिठानं पांढऱ्या, आणि व्हिडिओ कॉल माहीत आहे. घरी कोण कोण असतं, हे कधी कुणी विचारलं नाही. त्या आवाजात विचारायचं तरी कसं?

*

सर एकदा सुमनच्या गाड्यावरून भज्यांच्या दोन प्लेट बांधून घेऊन गेले. सुमननं सहज विचारलं, "सर, पाव्हणे आलेत व्हय?"

सरांनी सुट्टे पैसे पुन्हा एकदा मोजले. "हो. आलेत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन प्लेट. "पाव्हण्यांला मिरचीची चालती का?"

"चालते, पण बेतानं."

आठवडा झाला तरी पाहुणे हलेनात. गल्लीत चर्चा सुरू झाली की कोण हे चिवट लोक, एकट्या माणसाच्या घरी ठाण मांडून बसलेत. भाभीला कणव आली. तिनं डबाभर शेवया नेऊन दिल्या. सर दारातच उभे राहिले, तरी मागं तिला सगळं दिसलं. पाट एक, ताट एक, आणि टीव्हीवर क्रिकेट.

भाभीनं गिरणीत येऊन आम्हाला सांगितलं आणि वर दम दिला, "कोई कुछ बोलना नक्को."

सरांनी डबा धुऊन परत आणला, तेव्हा भाभीनंच विचारलं, "पाव्हण्यांना आवडल्या का?"

सर म्हणाले, "फार आवडल्या. विचारत होते, परत कधी करणार."

भाभीनं परत केल्या.

*

लाइट गेली की गिरणीत सण. घरघर थांबते, माणसांचा आवाज ऐकू यायला लागतो. सुमन गाड्यावरून गरम भजी पाठवते, नाहीतर घरून आणलेला सुशीला काढते. म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे, वर लिंबू आणि शेंगदाणे. आम्ही पोत्यांवर बसून एकाच कागदातून खातो. पुण्याच्या हॉटेलात संदीपनं मला बरंच काय काय खाऊ घातलं, पण पोत्यावर बसून खाण्याची मजा त्याला कुठली.

एका संध्याकाळी अशीच मैफल जमली होती. सर पाहुण्यांच्या गोष्टी सांगत होते, म्हणजे पाहुण्यांना आता मिरचीची सवय झाली वगैरे. आम्ही अगदी मन लावून ऐकत होतो. तेवढ्यात लाइट आली. सर म्हणाले, "आली का अवदसा."

कुणी उठेना. नंबर सरांचाच होता, तेही उठेनात. आम्ही अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी एकदा बटणाकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. मग हात हलवत म्हणाले, "व्होल्टेज न्हाय."

डोक्यावरचा दिवा चांगला लख्ख पेटलेला होता. आम्ही आणखी भजी मागवली.

*

आणि एक दिवस संदीपनं मला घरगुती चक्की पाठवली. कपाटाएवढी, गुलाबी फुलांची. फोनवर म्हणाला, "आई, तुला गिरणीची दगदग नको. घरबसल्या दळ. आणि धान्य बदललं की बाजूचं बटण दाब, आतून साफ होते. एकाचं पीठ दुसऱ्यात जात नाही."

लेकरानं मायेनं पाठवलं, त्याला काय बोलणार? पण खरं सांगते, घरबसल्या, घरबसल्या म्हणतात. घरी बसवत नाही म्हणूनच तर मी जात होते. मी चक्कीवर चादर टाकली आणि पिशवी घेऊन गिरणीत गेले. तिथं सगळ्यांना सांगितलंसुद्धा, की बाई गं, घरात एक गुलाबी हत्ती येऊन बसलाय.

*

मग गिरणीची मोटर जळाली. तिची तार नव्यानं भरायला ती सोलापूरला धाडली आणि अप्पांनी शटर ओढलं. आज येईल, उद्या येईल, मोटर येईना. गल्लीत कुजबुज सुरू झाली की पाकिटातलं पीठ दुकानोदुकानी मिळतंय, अप्पा आता कशाला गिरणी उघडतील.

मी तरी रोज जायची. सुमननं एकदा विचारलं, "काकू, गिरणी बंद हाय की. पिशवी कशाला आणलीत?"

"फिरायला आले."

"ज्वारी घेऊन?"

घरी आले, चादर काढली, चक्की लावली. पीठ एकदम पांढरंशुभ्र. कुणाचं काही मिसळलेलं नाही. भाकरी केली आणि ती तशीच ताटात राहिली. मला लई एकटं वाटलं. ताटावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना कडी वाजली. दारात शकीलाभाभी, काखेत बाजरीचा डबा. "काकू, घर में आटा खतम. तो गुलाबी हत्ती हाय ना?"

मागं सर, गव्हाचा डबा घेऊन. त्यांच्यामागं सुमन, भज्यांचा पुडा घेऊन. आणि सगळ्यात शेवटी, पायरीशी चप्पल काढत, अप्पा. पीठ न लागलेले अप्पा मी पहिल्यांदाच पाहिले. भुवया धुतल्या तरी पांढऱ्याच होत्या. हातात एवढीशी पिशवी.

माझ्या स्वयंपाकघरात बसायला जागा पुरेना. भाभीची बाजरी आधी झाली. मी चक्की बंद केली आणि सरांकडं पाहिलं. सरांनी डबा पोटाशी धरला.

मी त्या साफ करायच्या बटणाचं सांगणारच होते. तेवढ्यात अप्पांनी आपली पिशवी पुढं केली. हात न हलवता, तोंडानं म्हणाले, "माझं टाका मधी. मला काय, एकट्यालाच खायचीय."

कुणी हसलं नाही. मी बटणाचं बोलले नाही. पिशवी घेतली आणि ज्वारी ओतली.