एवढी एक मोजून दे

गेरू पाण्यात कालवला की त्याला एक ओलसर, मातकट, किंचित लोखंडी वास सुटतो, आणि तो एकदा बोटांना लागला की दोन दोन दिवस साबणालाही दाद देत नाही. जनगणनेच्या ड्युटीवर असताना माझ्या उजव्या हाताला तो सतत असे. बजाजनगरातल्या एकसारख्या खोल्यांच्या ओळी, रात्रपाळीहून आलेल्या माणसांची झोप मोडू नये म्हणून हलकेच वाजवलेल्या कड्या, दोरीवर वाळणारे कंपनीचे निळे शर्ट, आणि प्रत्येक चौकटीवर मी रेखलेले तांबूस आकडे! घरी आले की नवरा म्हणे, "आल्या सरकारच्या चित्रकार." म्हणू दे. जनगणनेचा आदेश आला की आमच्या स्टाफरूममध्ये सुतक पडतं. कुणाची कंबर धरते, कुणाची सासू आजारी पडते. मी भूगोलाची बाई, मला मात्र त्या कामाचा मनापासून लळा लागला. माझ्या वाट्याच्या गल्लीतून एकही जीव निसटला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

माणसं मोजता मोजता माणसांची गंमत कळते. आपण राहतो कुठे आणि स्वतःला कुठले समजतो, यांत केवढं अंतर असतं! वीस वर्षं त्याच खोलीत संसार केलेला वेल्डर माझ्याशी हुज्जत घालायचा, "राहायला इथं हाव मॅडम, पर तुमी सिल्लोडच लिवा." मी त्याला समजवायची, की बाबा रे, तुझी ओढ कुठली हे सरकार विचारत नाही, तुझं अंथरूण कुठे पडतं तेवढंच विचारतं. आणि तान्ही मुलं? ती तर कुणी सांगतच नाही! सगळी नावं लिहून झाल्यावर मी मुद्दाम विचारायची, "तान्हं बाळ आहे का घरात?" की आतून एखादी आजी म्हणायची, "त्याला कशाला लिवताव बाई? आजून दात बी आलं नायत." मी लिहायचीच. दात नसले तरी जीव आहे ना?

ह्या माझ्या गर्वाची एकदा चांगलीच परीक्षा झाली. माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आता ऐंशीच्या पुढे आहे. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. तिच्या घरी कुणी आलं की ती आधी पाहुण्याला पाणी देते, मग घरातल्या लहानथोरांना देते, आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी पिते, तेही पाठ फिरवून. लहानपणी आम्ही तिची ती नक्कल करून पोट धरून हसायचो. पोरबुद्धी, दुसरं काय! त्या पाठमोऱ्या घोटामागे काय दडलं आहे हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं, तेही एका दुपारी गहू निवडता निवडता तीच बोलून गेली म्हणून.

निजामी सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव करमाडच्या पलीकडे. पावसाने पाठ फिरवली, विहिरींनी तळ दाखवला, मजुरी संपली, आणि संक्रांत झाल्यावर माझ्या आजोबांनी बिऱ्हाड उचललं. आजोबांच्या डोक्यावर जातं, आजीच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, म्हणून काही महिन्यांची धाकटी बहीण सहा वर्षांच्या आत्याच्या कडेवर. आजीचं दूध आटलेलं. बाळाला बोळ्याने पाजायला चंबूत थोडं पाणी होतं, तेही आत्याच्याच हाती दिलेलं. जालन्याच्या रस्त्याने शहराच्या दिशेने दिवसभर चाल. दुपारी आईबाप चार पावलं पुढे गेले, आणि तहानेने कासावीस झालेल्या त्या पोरीने ते पाणी पिऊन टाकलं. "समदं पेले गं वैशू," आत्या म्हणाली, "एक थेंब बी ठिवला नाय." पुढचं तिला एवढंच आठवतं, की बाळाने तिच्या खांद्यावर मान टाकली. त्यानंतरच्या आठवणीत शहर आहे, खडीचे ढीग आहेत, हातोड्यांचे आवाज आहेत, बाळ नाही.

मोठेपणी एका चुलतीने भांडणात तिला सुनावलं होतं, "पानी पिऊन बसलीस अन् लेकरू घालवलंस!" आजीला विचारावं तर आजी उठून जायची. बाबा जन्मले गाव सोडल्यानंतर दीड-दोन वर्षांनी. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, की ताईला भास होतो, असं मूल असतं तर माय कधी तरी बोलली नसती का? एकीकडून पातक, दुसरीकडून भास. ह्या दोन दगडांच्या मधे माझी आत्या पाऊणशे वर्षं दळली गेली, आणि आम्हांला तिचं फक्त पाणी पिणं दिसलं.

गव्हातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "तू सरकारची मानसं मोजतीस ना? मंग मला ही एवढी एक मोजून दे. व्हती तर पाप माझं, नव्हती तर भास. पर काय ते एकदा ठरू दे." मी तिच्याच आवेशात म्हणाले, "ठरवते." म्हणून तर बसले, पण घरी येताना रिक्षात भानावर आले. बाळ सापडलं तर मी तिच्या हातात काय ठेवणार होते? तिच्या अपराधाचा दाखलाच ना?

आजोबांनी गाव सोडलं त्याच साली झालेल्या मोजणीत घरोघरच्या माणसांची नावं एका वहीत उतरवली गेली होती. अशा फार थोड्या वह्या आज उरल्या आहेत, पण आमच्या भागातल्या काही एका दप्तरखान्याच्या फडताळात तगून होत्या. अर्ज दिला, हेलपाटे घातले. तिथल्या कारकुनाने विचारलं, "मॅडम, जमिनीची भानगड हाय का?" मी म्हटलं, "नाही, बाळाची आहे." बिचाऱ्याने माझा अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. वह्या उर्दूत. मी पानांचे फोटो काढले आणि आमच्या गल्लीतल्या गफूर मास्तरांचं दार वाजवलं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मूळचे सिल्लोडचे. त्यांना मोबाइलवर वाचणं मंजूर नव्हतं, म्हणून प्रत्येक पानाची मोठी छापील प्रत काढून आणावी लागली. उजवीकडून डावीकडे सरकणारं त्यांचं बोट, आणि त्या बोटाखालून एकेक करून चालत बाहेर येणारं आमचं गाव! तीन दुपारी आम्ही अख्खं गाव वाचलं. पाटील सापडले, कुंभार सापडले, एकशे चार वर्षांची एक म्हातारी सापडली. आजोबा काही सापडले नाहीत.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मंग भासच आसंल." हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं ना? तसं झालं नाही. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो; बाळ दुसऱ्यांदा गमावलेल्या माणसाचा होता तो. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

गफूर मास्तर मात्र गालातल्या गालात हसत होते. म्हणाले, "बाई, गाँव तुमारा, हौ, मान्य हाय. मगर उस साल तुमारे दादा सोते कहाँ थे?" मी कपाळावर हात मारून घेतला. बजाजनगरच्या वेल्डरला शहाणपण शिकवणारी मी, आणि स्वतःच्या आजोबांना शोधायला गेले ते गावात! चार पिढ्या शहरात नांदून आम्ही अजून 'आमचं गाव' म्हणतो, आणि त्या दोन शब्दांनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. संक्रांतीनंतर गाव सोडलेली माणसं माघातल्या मोजणीत गावात कशी भेटतील?

मग शहराबाहेरच्या मजुरांच्या वस्तीची वही. शहराबाहेरची म्हणायची एवढंच. आजोबांनी जिथे खडी फोडली तिथे आज सिग्नल आहे, चपलांची शोरूम आहे, चार मजली दवाखाना आहे, आणि उन्हाळ्यात त्याच चार मजल्यांसाठी टँकरही उभा असतो. लोक म्हणतात शहर वाढलं. कुणी वाढवलं? वेशीचे दरवाजे बांधणाऱ्यांनी, कारखाने उभारणाऱ्यांनी, हे आपण मुलांना शिकवतो; मीही शिकवते. पण एकेका दुष्काळाने इथे माणसांचा एकेक थर आणून टाकला आणि त्या थरांवर हे नगर उभं राहिलं, हे पुस्तकात नाही. तहानेने निघालेल्या पावलांखाली ह्या रस्त्यांची माती दाबली गेली आहे. ती पावलं आमची होती, ह्याचा मला अभिमान आहे.

दुसऱ्याच दुपारी मास्तरांचं बोट थांबलं. आजोबांचं नाव. पुढचा, जातीचा रकाना वाचताना ते घुटमळले, माझ्याकडे न बघता घसा खाकरू लागले. मी म्हटलं, "वाचा मास्तर, जे लिहिलंय ते वाचा. तो रकाना आम्ही केव्हाच मागे टाकलाय." त्यांनी वाचला. मग काम, मजुरी. मग आजी. मग मुलगी, वय सहा. आणि मग मास्तर चष्मा पुसून म्हणाले, "एक और है, बाई. दुख्तर, शीरख्वार. मतलब दूध पिती पोरगी." तिचं नावही होतं. मी ते तीनदा वाचून घेतलं. कोण होता तो मोजणारा? धुळीत उभा राहून, एवढ्या माणसांच्या गर्दीत, तोही झोपडीच्या दारात मुद्दाम विचारता झाला असेल का, तान्हं बाळ आहे का म्हणून? मला त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

त्याच संध्याकाळी आत्याकडे गेले. बायका विहारात निघाल्या होत्या. आत्या पांढरी साडी नेसून दारातच उभी होती. मी तिला खाली बसवलं आणि म्हणाले, "आत्या, होती." तिने डोळे मिटले. मी घाईने पुढे म्हणाले, "अगं, पण ही वही गावची नाही. इथली आहे, खडीवरच्या वस्तीची. गाव सोडल्यानंतरची." तिने डोळे उघडले. मग हळूच विचारलं, "नाव काय लिवलंय?"

"ठकी."

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. "आगं, तिचं बारसंच झालं नव्हतं. घरात गुळाचा खडा नव्हता, बारसं कशाचं? ठकी मी म्हनायचे. मायला आवडायचं बी नाय. भावलीचं नाव कशाला घेतीस, म्हनायची." मग ते नाव वहीत आलं कसं? आईबाप दिवसभर खडीवर. मोजणारा आला तेव्हा झोपडीत होतं कोण? बाळाला मांडीवर घेऊन बसलेली सहा वर्षांची एक मुलगी. त्याने विचारलं असेल, आणि तिने बापाचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आपलं सांगितलं, आणि मांडीवरच्या बाळाचं तेवढं तिला ठाऊक असलेलं नाव सांगितलं. वाट, तहान आणि बाळाचं जाणं ह्यांची तिच्या कोवळ्या मनात पुढे एकच गाठ बसली असेल, आणि चुलतीच्या शब्दांनी ती आवळली असेल. पण त्या दिवशी ठकी तिथे होती. वाटेवर गेलेल्या बाळाचं नाव मोजणारा वहीत लिहीत नाही.

"म्हंजी पानी पेल्यावर बी जगली व्हती," आत्या म्हणाली.

"जगली होती. तू तिला इथवर आणलंस, आत्या."

मग ती रडली. पाऊणशे वर्षांचं साचलेलं रडणं होतं ते. मी तिची पाठ चोळत राहिले आणि मीही रडले, लाजले नाही. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. पुढं कशानं गेली, असं विचारलं. वहीत ते नव्हतं. वही फक्त एका दिवसाचं सांगते, आणि तो एक दिवस पुरेसा असतो हे मला तेव्हा उमगलं. "नसू दे," आत्या म्हणाली. "अजून काय लिवलंय?"

मी शेवटचा रकाना दाखवला. घरातली एकूण माणसं, चार.

तिने डावा हात पुढे धरला आणि अंगठ्याने एकेक बोट मोजलं. "आबा, माय, मी... ठकी." करंगळीवर तिने अंगठा दाबून धरला. मग मान हलवून म्हणाली, "बरोबर हाय."