क्लचपुरता जोर

शनिवार, २९ एप्रिल २०१७. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. ओंटारिओतल्या लंडन शहराच्या पूर्व भागातल्या एका गॅरेजमध्ये लुईस तुस्कानो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून डाव्या पायाने भिंत ढकलत होते. पाय आणि भिंत यांच्यामध्ये बाथरूममधला वजनकाटा उभा धरला होता. सुई सोळा किलोवर गेली की ते पाय सोडत, श्वास घेत आणि पुन्हा दाबत.

सोळाचा आकडा त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या गाडीवरून काढला होता. हाच काटा क्लचच्या पेडलवर ठेवून त्यांनी धडधाकट उजव्या पायाने पेडल तळापर्यंत नेलं होतं, तेव्हा सुई सोळाच्या आसपास थांबली होती. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ आठवडे झाले होते. आत धातू आणि प्लॅस्टिकचा नवा सांधा बसला होता. त्याला हलवणारी मांडी मात्र एकोणसाठ वर्षांची होती आणि दोन महिने आराम करून बसली होती.

त्यांच्या पत्नी तेरेसा चहा घेऊन आल्या.

"किती झाले?"

"अकरा वेळा."

"आणि काल?"

"कालपण अकरा."

"मग काटा आत आणून ठेव. मला माझं वजन बघायचंय."

"तुझं वजन मला माहीत आहे."

"सोळाच्या वर आहे, एवढं लक्षात ठेव."

गाडी १९९१ सालची बीएमडब्ल्यू ५३५, गडद निळी, चार दारांची, हाताने गिअर बदलायची. लुईसनी ती २००८ मध्ये वुडस्टॉकच्या एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतली. लुईस मूळचे वसईजवळच्या भुईगावचे. ठाण्याच्या एका कारखान्यात ते टर्नर होते. १९९६ मध्ये कुटुंबासह कॅनडात आले आणि तेव्हापासून लंडनमधल्या एकाच कारखान्यात यंत्राचे सुटे भाग कातण्याचं काम करत आहेत. हीच गाडी का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. चांगल्या लेथचं चाक फिरवताना हाताला जसं लगेच कळतं, तसं या स्टिअरिंगवर कळतं. यापुढे ते काही सांगत नाहीत. तेरेसांच्या मते यापुढे सांगण्यासारखं काही नाहीच.

ही गाडी हिवाळ्यात बाहेर पडत नाही. नोव्हेंबरात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागलं की पत्रा गंजू नये म्हणून ती गॅरेजमध्ये जाते आणि बॅटरीला चार्जर लागतो. वसंतात पावसाने मीठ धुऊन गेलं की ती बाहेर येते. ते गेलं की नाही हे लुईस हवामानाच्या बातम्यांवरून ठरवत नाहीत. रस्त्याच्या कडेला वाकून ते काळं फडकं डांबरावर घासतात आणि उजेडात धरून बघतात. फडक्यावर पांढरं दिसलं नाही, तर येणाऱ्या शनिवारी पहिली फेरी. ती नेहमी पोर्ट स्टॅन्लीला, ईरी सरोवराच्या काठी. तिथे कोळ्यांच्या बोटी लागतात आणि ताजा पर्च मिळतो. वीतभर लांबीचे, गोड चवीचे मासे. डिकीत बर्फाचा डबा, त्याखाली वर्तमानपत्रं. दुपारी घरी वसईहून आलेल्या मसाल्यात तळलेला पर्च. हे आठ वर्षं चुकलेलं नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा लुईसनी जानेवारी मागून घेतला होता. जानेवारीच का, असं दवाखान्यातल्या बाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, बर्फात काम कमी असतं. खरं कारण असं की गाडी तेव्हा झाकलेली असते. जानेवारीत ऑपरेशन झालं की एप्रिलपर्यंत क्लच दाबता येईल, असा साधा हिशोब होता. तारीख मिळालीही. मग ख्रिसमसच्या पाहुण्यांकडून त्यांना खोकला लागला, छाती भरली आणि ऑपरेशन दोन मार्चला गेलं.

ओंटारिओत बहुतेकांना याने फरक पडला नसता. डाव्या पायाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ऑटोमॅटिक गाडी महिन्याभरात चालवता येते. लुईसही तेरेसांची छोटी ऑटोमॅटिक घेऊन फिजिओथेरपीला जात होते. कॅल्गरीत नोकरी करणारा त्यांचा मुलगा डीन फोनवर दर आठवड्याला तेच सांगे, "डॅड, जस्ट सेल इट. गेट अ‍ॅन ऑटोमॅटिक." लुईस म्हणत, "हो रे," आणि फोन तेरेसांकडे देत.

फिजिओथेरपीच्या बाईंनी मात्र क्लचबद्दल एकच वाक्य सांगितलं होतं. पाय कुठे आहे याचा विचार न करता दाबता आला की चालवा, विचार करावा लागतोय तोवर नाही.

त्या शनिवारी फडकं काळंच राहिलं होतं. आठवडाभर पाऊस झाला होता.

"मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो," लुईस म्हणाले. "फक्त बघायला."

"काय बघायला?"

"जमतंय का."

"अकरा वेळा जमतंय. बाराव्याला काय करणार? उतरून ढकलणार?"

त्यांनी चार्जर काढला, कव्हरची घडी घातली, गॅरेजचं दार वर केलं. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. तेरेसा दाराच्या बाजूला हात बांधून उभ्या राहिल्या. लुईसनी क्लच दाबला, रिव्हर्स टाकला, गाडी हळू मागे घेतली. थांबले. पुन्हा क्लच, पुन्हा थोडी मागे. तिसऱ्या वेळी पेडल अर्ध्यावर असताना मांडी थरथरली आणि बूट घसरला. गाडीने मागे उडी मारली, कडेला ठेवलेला रिसायकलिंगचा निळा खोका चिरडला आणि बंद पडली. खोक्यातले दह्याचे रिकामे डबे ड्राइव्हवेवर घरंगळत गेले.

लुईस स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. भिंतीवर अकरा वेळा जमलं होतं, गाडीत दोन वेळा. आज जमलं नाही तर पहिली फेरी कधी, हे त्यांना सांगता आलं नसतं.

तेरेसा खिडकीपाशी आल्या.

"उतर."

"पाय घसरला जरा."

"कसा घसरला ते बघितलं मी. उतर."

"तू? गिअरची गाडी चालवून तीस वर्षं झाली तुला."

"माझ्या पप्पांच्या टेम्पोपेक्षा जड आहे का तुझा क्लच?"

लुईसनी पुन्हा पेडलकडे बघितलं.

"नऊ वर्षं इन्शुरन्सवर माझं नाव आहे. मेलेले मासे डिकीत चालतात, जिवंत बायको स्टिअरिंगवर चालत नाही?"

लुईस उतरले. ऑपरेशननंतर मिळालेली काठी मागच्या सीटवर टाकून गाडीला धरत धरत ते पलीकडे गेले. नऊ वर्षांत त्या बाजूचं दार त्यांनी फक्त पुसण्यासाठी उघडलं होतं.

तेरेसा चौपन्न वर्षांच्या. लंडनच्या एका इस्पितळात त्या शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करण्याच्या विभागात काम करतात. माहेर वसईजवळच्या गासचं. वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी, चार मुली, मुलगा नाही. थोरली म्हणून अठराव्या वर्षी जुना टेम्पो त्यांच्या हातात आला. वाडीतून पापडीच्या बाजारापर्यंत भाजी नेणं आणि रिकाम्या टोपल्या परत आणणं, हे लग्न होईपर्यंत त्यांचं काम होतं. कॅनडात आल्यावर ऑटोमॅटिक मिळाली आणि तो विषय संपला. लुईसनी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी गाडी एकदा बंद पडली. स्टॉपच्या पाटीपाशी पुन्हा एकदा. मागच्या पिकअपवाल्याने वाट पाहिली. तिसऱ्यांदा ती निघाली.

"दुसरा टाक आता. सावकाश. थंड असताना दुसरा जरा..."

"ओरडतो. माहीत आहे. नऊ वर्षं ऐकतेय मी."

थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना दातावर दात घासल्यासारखा आवाज येत असे. पहिला काही वेळ, गिअरबॉक्स गरम होईपर्यंत. लुईसनी तेल दोनदा बदललं होतं. एका मेकॅनिकने गिअरबॉक्स खोलावा लागेल असं सांगितल्यावर त्यांनी तो विषय पुढे ढकलला होता. नको असलेल्या पाहुण्यासारखा तो आवाज त्यांनी ठेवून घेतला होता.

तेरेसांनी दुसरा टाकला. आवाज आला नाही.

लॅम्बेथकडे वळताना त्यांनी हॉर्न वाजवला.

"हॉर्न कशाला?"

"वळण आहे ना."

"इथे कोणी वाजवत नाही."

"म्हणून तर ऐकू गेला."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली, निघाली. पहिला, दुसरा. आवाज नाही. लुईस तेरेसांच्या पायाकडे बघू लागले.

"तू दोनदा का दाबतेस?"

"काय दोनदा?"

"क्लच."

"एकदाच दाबला की ओरडतो ना. पप्पांचा टेम्पो सगळ्या गिअरला ओरडायचा. आधी न्यूट्रलला आण, पाय सोड, परत दाब, मग टाक. असंच शिकवलं त्यांनी."

झिजलेल्या गिअरबॉक्सवर हा इलाज चालतो, हे लुईसना ठाऊक होतं. मधल्या क्षणात फिरणाऱ्या भागांचा वेग जुळतो आणि दात न घासता बसतात. अशा गोष्टी जुळवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं आहे. ही गाडी जर्मन होती, चांगली होती, तेव्हा तिला टेम्पोसारखं वागवावं हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

वाटेतल्या सेंट थॉमस गावापर्यंत ते प्रत्येक गिअरला कान देत राहिले. मग म्हणाले, "परत कर."

"काय?"

"पुढच्या सिग्नलला. दुसरा. परत टाक."

तेरेसांनी टाकला. आतापर्यंत गिअरबॉक्स गरम झाला होता, त्यामुळे या वेळी काहीच सिद्ध झालं नाही. तरी लुईसनी मान हलवली.

पोर्ट स्टॅन्लीला त्यांनी दोन पौंड पर्च घेतला. वारा थंड होता आणि सरोवराचं पाणी राखाडी. बाकावर बसून लुईसनी पाय लांब केला आणि गुडघा दोन्ही हातांनी चोळला.

"एक गोष्ट कळली," ते म्हणाले.

"बोल."

"दोनदा दाबायचा म्हणजे मला दुप्पट जोर लागणार."

"हो."

"म्हणजे अकरा नाहीत. साडेपाचच झाले."

तेरेसा हसल्या. "मग जून. जूनपर्यंत मी आहे."

"तू इंजिनच्या तीन हजार फेऱ्या व्हायच्या आधी गिअर बदलतेस. इंजिनला धाप लागते."

"पेट्रोल वाचतं."

"ही गाडी पेट्रोल वाचवायला नाही घेतली."

"मग कशाला घेतली, ते सांग एकदा. नऊ वर्षं झाली."

लुईसनी लेथच्या चाकाचं सांगायला सुरुवात केली. तेरेसांनी त्यांना थांबवलं नाही. दोन वाक्यांत ते संपलं. मग त्या म्हणाल्या, "हां. ते मला आज कळलं. हाताला कळतं."

परतताना लुईसना आणखी दोन गोष्टी कळल्या. डॅशबोर्डमधल्या खणाचं झाकण खडखडतं, हे तेरेसा बरीच वर्षं सांगत होत्या आणि ते खरं आहे. आणि रस्त्याच्या उजव्या हाताला, सेंट थॉमसच्या अलीकडे, एक लांबलचक शेत आहे, तिथे लाल छपराचं धान्याचं कोठार आहे. आठ वर्षं तिथून जाऊनही ते त्यांनी पाहिलं नव्हतं. गाडी चालवणाऱ्याला शेत दिसत नाही. कोठार चांगलं होतं.

घरी आल्यावर तेरेसांनी गाडी एकदम आत घातली नाही. रस्त्यावर वळवून घेतली, ड्राइव्हवेवर मागे घेत घेत गॅरेजमध्ये उलटी लावली. तोंड बाहेर.

"अशी का?"

"भरलेला टेम्पो सकाळी रिव्हर्स काढायचा नसतो. रात्रीच फिरवून ठेवायचा."

लुईसनी खणाचं झाकण उघडून बघितलं. बिजागरीचा एक स्क्रू ढिला होता. तो पाच मिनिटांत घट्ट झाला. मग ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, काटा भिंतीला टेकवला आणि दाबायला सुरुवात केली. या वेळी जोडीने. दाब, सोड, दाब, सोड, एक. पाच जोड्या झाल्या. सहावीत मांडी थरथरू लागली तेव्हा ते थांबले. आतून तळणीचा वास येत होता.

"वजनकाटा!" तेरेसांनी स्वयंपाकघरातून आवाज दिला.

"आणतो," लुईस म्हणाले आणि काठी शोधू लागले. ती गाडीच्या मागच्या सीटवर होती.

मंगळवारी फिजिओथेरपी आहे. क्लच दोनदा दाबायचा व्यायाम कसा करायचा, हे ते विचारणार आहेत. त्या बाईंनी गिअरची गाडी कधी चालवली आहे का, हे त्यांना माहीत नाही. चिरडलेला निळा खोका बदलून घ्यायचा आहे, तोवर दह्याचे डबे कागदी पिशवीत आहेत.

उद्या रविवार. चर्चमध्ये मिस्सा नऊ वाजता आहे. गाडी साडेआठला निघेल, रिव्हर्स न घेता. चावी तेरेसांच्या पर्समध्ये आहे.