विमानं येण्याआधी घारी जेवल्या

तुमच्या डोक्यावरचं आकाश एखाद्या सोहळ्यासाठी वापरायला दिलं जातं, तेव्हा त्या आकाशात आधीपासून राहणाऱ्यांचा विचार कोणी करतं का? मीही केला नव्हता. गिरगावातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना घडलेली ती गोष्ट निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही.

चौपाटीसमोर दोन दिवस विमानांच्या कसरती व्हायच्या होत्या. बंदोबस्ताच्या बैठकीत गर्दी, वाहनतळ, रुग्णवाहिका यांवर दोन तास चर्चा झाली. पक्ष्यांच्या वाट्याला एक ओळ आली: सकाळी किनाऱ्यावर फटाके फोडून घारी हाकलाव्यात. मी मान डोलावली.

कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना ठाण्यात फोन आला. जवळच्या चाळीतले एक वृद्ध गृहस्थ बोलत होते. "आमच्या गच्चीवर एक कोळीण रोज घारींना मासे घालते. ढीगभर घारी जमतात. शनिवारी विमानं येणार आहेत, कळतंय ना तुम्हाला?"

कळत होतं. एक घार इंजिनात गेली तरी विमान खालच्या गर्दीवर कोसळू शकतं.

स्टेशन डायरीत नोंद केली आणि बीट हवालदाराला साध्या वेशात गच्चीवर पाठवलं. त्याने बाई ओळखली. त्याच चाळीत राहणारी, शेजारच्या बाजारात मासे विकणारी. जुने कागद चाळताना तिच्या नावाचा एक अर्जही निघाला. मागच्या खेपेला विमानं चाळीवरून अगदी कमी उंचीवर वळली, तेव्हा चाळीलगतच्या नारळावरच्या घरट्यातून घारीचं पिल्लू पडून मेलं. या वेळी विमानं समुद्रावर वळवावीत, एवढंच तिचं म्हणणं होतं. अर्जावर ठाण्याचा शिक्का होता. उत्तर कोणीच दिलं नव्हतं.

हेतू सापडला, असं मला वाटलं. तक्रार करणारा माणूस आम्हाला फार लवकर आरोपी दिसू लागतो.

चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला शिपायाला सोबत घेऊन तिच्या घरी गेलो. साठीची बाई दारात टोपली धूत बसली होती.

"काय रे सायबा, गिऱ्हाईक म्हणून आलास की पकडायला? पापलेट संपलं."

महिला शिपाई म्हणाली, "मावशी, मस्करी नको. गच्चीवर मासे कशाला टाकता?"

"घारी जेवतात म्हणून."

"विमानं पाडायची आहेत का?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. "माझी जाऊ चौपाटीवर भेळ विकते. त्या दोन दिवसांकडे डोळे लावून बसलीय ती. तिच्या पोटावर मी पाय देईन?"

"मग हा उद्योग कशाला?"

"तुमची माणसं फटाके फोडणार, असं बाजारात सांगून गेलीत. फोडा. भुकेली घार हाकलली की फिरून फिरून तिथंच येते. पोट भरलं की पंख मिटून बसते, दुपारपर्यंत हलत नाय. चाळीस वर्सं बघतेय मी. त्यांना वेळेची सवय लागायला पाहिजे, म्हणून आठवडाभर आधीच चालू केलं."

"हे आम्हाला लिहून का कळवलं नाही?"

"पहिल्या अर्जाचं उत्तर दे, मग दुसरा लिहिते."

महिला शिपाई खाली बघून हसली. मला हसता आलं नाही.

जबाब लगेच खरा मानू नये आणि खोटाही धरू नये, पडताळून पाहावा. दुसऱ्या दिवशी विमानांचा सराव होता. तिने साडेनऊला मासे टाकले. अकराला मी गच्चीवर उभा होतो. घारी पाण्याच्या टाक्यांवर आणि झाडांवर खाल्लेल्या माशांनी गळ्याची पिशवी फुगवून बसल्या होत्या. चौपाटीवरून हवालदाराचा फोन आला. "साहेब, समुद्रावर आकाश मोकळं आहे. एक घार नाही."

विमानं आली. आवाजाने चारदोन घारी उठल्या आणि पुन्हा बसल्या. पण एक विमान चाळीवरून वळलं, तशी नारळावरची घार पिल्लं सोडून उडाली. मागचं पिल्लू कसं पडलं असेल ते मला दिसलं. अर्ज खरा होता.

मी गुन्हा नोंदवला असता तर सासूपासून चालत आलेली तिची बाजारातली जागा गेली असती. शिवाय उपाशी घारी आमच्याच फटाक्यांनी उठून विमानांच्या वाटेत आल्या असत्या. त्या संध्याकाळी तिचा अर्ज जोडून मी अहवाल दिला. विमानांच्या तुकडीतल्या एका तरुण अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "या बाई कुठे भेटतील?" दुसऱ्या दिवशी तो बाजारात जाऊन तिच्यासमोर पाटावर बसला. फटाके रद्द झाले, घारींचं साडेनऊचं जेवण चालू राहिलं. वळण समुद्रावर सरकलं.

शनिवार-रविवार चौपाटी फुलून गेली. जावेची भेळ दोन्ही दिवस उन्हं उतरायच्या आत संपली. वैमानिकांचं कौशल्य पाहून माझ्याही अंगावर काटा आला. ती बाई मात्र गच्चीवर उभी राहून नारळाकडे बघत होती. दोन्ही पिल्लं घरट्यातच राहिली.

माणसाचं पोट आणि पाखराचं घरटं यांतलं एकच निवडा, असं सांगणारे मला आयुष्यभर भेटले. कोणी रोजगाराच्या नावाने बोलतं, कोणी निसर्गाच्या. दोघेही विचार करण्याचे कष्ट टाळतात. ते कष्ट एका मासे विकणाऱ्या बाईने घेतले आणि आम्ही तिच्यावर पाळत ठेवली.

तुमच्या भागात असा सोहळा ठरला, की बंदोबस्ताची बैठक कधी आहे हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. तिथली झाडं-पाखरं ओळखणारं एक माणूस सोबत न्या. खुर्ची नसेल तर तुमची त्याला द्या आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात उतरल्याशिवाय तिथून हलू नका.